भोमियोतल्या पणत्या

शनिवार, ८ एप्रिल २०००. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी श्रीकृष्णराव दिघ्यांनी बैठकीच्या खोलीतला पंखा एका आकड्याने कमी केला, समोर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अकरापैकी दहा. सुरू करू."

"अकरावा हात धुतोय," आतून फत्तेसिंहराव मान्यांचा आवाज आला. टॉवेलला हात पुसत ते बाहेर आले. "या वयात सगळं बाजारासारखंच. कधी धावायला लागेल, सांगता येत नाही."

हसू पसरले. श्रीकृष्णराव हसले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नलिनीवहिनी हातरुमालाची घडी मोडत होत्या आणि पुन्हा घालत होत्या. त्यांच्याकडे बघायचे नाही असे श्रीकृष्णरावांनी ठरवले होते, आणि ठरवल्यापासून तेच करत होते.

गुजरातेत, सुभानपुऱ्याच्या त्या सोसायटीतल्या अकरा मराठी घरांचे हे गुंतवणूक मंडळ. त्याच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की सगळ्यांचे शेअरचे कागद दिघ्यांच्या पोलादी कपाटात राहायचे आणि विकायचे ते अकराही घरांचे एकमत झाल्यावरच. एका घराने नाही म्हटले की विषय संपला. कुणी एकट्याने घाबरून बाजारात धावू नये, म्हणून ही तजवीज. दुसरी रीत अशी, की मत वयाने सर्वांत लहान असेल त्याने आधी द्यायचे आणि मोठ्याने शेवटी. मंडळ सुरू करणारे जनार्दन सबनीस, म्हणजे नलिनीवहिनींचे यजमान, सांगत असत की त्यांच्या आजोबांच्या कचेरीत, संस्थानाच्या काळी, असेच चाले. वरिष्ठ आधी बोलला की खालचे नुसते माना हलवतात. जनार्दनांना जाऊन तीन वर्षे झाली होती. रीत टिकली होती. दिघे सर्वांत वडील, त्यामुळे त्यांचे मत नेहमी शेवटी येई, आणि ते काय असेल याचा अंदाज बांधूनच बाकीचे दहा जण आपापले मत देत. हे सर्वांना ठाऊक होते. बोलून कुणी दाखवले नव्हते.

आज विषय एकच होता. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतली अक्षांश सॉफ्टवेअर.

ही कंपनी 'भोमियो' नावाचा ब्राउझर बनवत असे. गुजरातीत भोमियो म्हणजे वाटाड्या. इंटरनेटवरची पाने त्यातून गुजराती आणि मराठी अक्षरांत नीट दिसत. मागच्या ऑगस्टमध्ये मंडळाने तिचे शेअर अडतीस रुपयांना घेतले. फेब्रुवारीत ते दोनशे बाराला पोचले, तेव्हा सोसायटीत पेढे वाटले गेले. काल बाजार बंद होताना भाव एकशे एकेचाळीस होता.

घसरणीबरोबर एक बातमीही आली होती. गुढीपाडव्याच्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर होते, की अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी तिथल्या बलाढ्य कंपनीविरुद्ध निकाल दिला. संगणक ज्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमला आपला ब्राउझर जखडून फुकट देणे बेकायदा आहे. बाजारात यावर दोन मते होती. काही म्हणत, संगणकाच्या शेअरना सूज आली होती, ती आता उतरणार. काही म्हणत, मोठ्या माशाचे तोंड बांधले गेले, लहानांना पाणी मोकळे झाले. सुभानपुऱ्याने दुसरे मत उचलले होते.

"देवेंद्र," श्रीकृष्णराव म्हणाले.

देवेंद्र शिर्के गोरव्याच्याच एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये होता, छत्तीस वर्षांचा. तो खुर्चीत पुढे सरकला.

"ठेवायचे. कोर्टानं सांगितलंय, दोन्ही वेगळं करा. वेगळं झालं की गिऱ्हाईक विचारणार, चांगला ब्राउझर कुठला? आपला माल चांगला आहे. तो तर काकांनीच पास केलाय."

हे शब्द सोसायटीत नाण्यासारखे चालत. श्रीकृष्णराव कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगच्या कॉलेजात, शिकलेले. पुढे एकतीस वर्षे खतकारखान्यात बॉयलर, व्हॉल्व्ह, दाबाच्या टाक्या तपासण्यात गेली. त्यांनी खडूने खूण केल्याशिवाय व्हॉल्व्ह लाइनीवर चढत नसे. मागच्या जुलैत सून आभाच्या ओळखीने ते गोरव्याला गेले. ती अक्षांशमध्येच सॉफ्टवेअरच्या चाचणी विभागात नोकरीला होती. तिथे बसून त्यांनी भोमियोला एखाद्या टाकीसारखे दाबाखाली घातले. एकदम वीस पाने उघडली, मध्येच फोनची वायर ओढली, मुद्दाम चुकीचे पत्ते टाकले. जोडाक्षर कुठे मोडले नाही. परत येऊन त्यांनी मंडळाला एवढेच सांगितले होते: माल उत्तम आहे.

मत फिरू लागले. ठेवावेत. ठेवावेत. तिसऱ्यानेही तेच म्हटले. श्रीकृष्णराव कागदावर बरोबरच्या खुणा करत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सकाळचा पडदा होता.

सकाळी, आभाला शनिवारची सुट्टी म्हणून, त्यांनी तिला घरच्या संगणकापुढे बसवले होते. मुलगा सिद्धार्थ जामनगरच्या साइटवर असे. संगणक त्याने दिवाळीच्या आधी घेऊन दिलेला.

"न्यायाधीश म्हणतात ते मला डोळ्यांनी बघायचंय," ते म्हणाले. "यातला त्या अमेरिकन कंपनीचा ब्राउझर काढून दाखव."

"कशासाठी, बाबा?"

"काढून तर दाखव."

आभाने यादी उघडली. काढून टाकता येतील अशा गोष्टींत त्याचे नाव नव्हते. तिने पडद्यावरचा आयकॉन पुसला. मग एक साधे फोल्डर उघडले, ज्यात सिद्धार्थचे फोटो होते, आणि त्याच्या वरच्या पट्टीत एका वर्तमानपत्राचा पत्ता टाइप केला. मोडेम किरकिरला. थोड्या वेळाने फोटोंच्या जागी वर्तमानपत्र उमटले.

"आयकॉन गेला, तो नाही गेला," आभा म्हणाली. "हा वेगळा होत नाही. फोल्डर, मदतीची पानं, सगळं त्याच्यावरच चालतं."

श्रीकृष्णरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना हे दुसऱ्या भाषेत ठाऊक होते. नटबोल्टने बसवलेला भाग कोर्ट खोलायला लावू शकते. हे एकाच ओतकामातून निघालेले होते. ते कापायचे तर दोन्ही तुकडे भंगारात.

"बरं, आपला उघड. भोमियो."

आभाने खालच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या आयकॉनवर दाबले. बराच वेळ गेला. मग पडद्यावर पणत्या उमटल्या. ओळीने लावलेल्या, ज्योती हलणाऱ्या पणत्या, आणि खाली गुजराती अक्षरांत 'सालमुबारक २०५६'. मागच्या वेळी, म्हणजे दिवाळीतल्या गुजराती नव्या वर्षाला, उघडला तेव्हाचे पान भोमियोने सांभाळून ठेवले होते.

चैत्राचे ऊन खिडकीच्या गजांतून टेबलावर आले होते.

"दिवसभर तोच तपासत असते ना, बाबा," आभा हळूच म्हणाली. "घरी आल्यावर... जो समोर असतो तोच उघडतो."

"हो," ते म्हणाले. "तोच उघडणार."

जुलैत त्यांनी भोमियोत दोष शोधला होता. दोष नव्हताच. बनवणाऱ्यांच्या घरातही त्याच्या दाराशी कुणी जात नव्हते, आणि हे तपासण्याचे कोष्टक त्यांच्याकडे नव्हते.

"नलिनीवहिनी," श्रीकृष्णराव म्हणाले. बैठकीत मत फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आले होते.

नलिनीवहिनींनी रुमालाची घडी पूर्ण केली. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्या जिना चढून आल्या होत्या. योगिनीला, त्यांच्या मुलीला, फिजिओथेरपीचा दवाखाना काढायला गोरवा रस्त्यावर गाळा मिळत होता. महिन्याअखेर रक्कम भरायची होती. जनार्दनांच्या फंडातून घेतलेले पंधराशे शेअर तेवढे परत द्याल का, असे त्यांनी विचारले होते. श्रीकृष्णरावांनी पाणी दिले, आणि म्हणाले होते, "उद्या मंडळात मांडा, वहिनी. कपाट माझं असलं तरी कुलूप सगळ्यांचं आहे." वाक्य त्यांना तेव्हा चांगले वाटले होते.

आता वहिनींनी त्यांच्याकडे बघितले. क्षणभरच. त्या नजरेत मागणी नव्हती. पुढचा रस्ता ओला आहे का कोरडा, हे बघावे तशी ती होती.

श्रीकृष्णरावांनी खाली कागदाकडे बघितले.

"ठेवावेत," नलिनीवहिनी म्हणाल्या.

"शाब्बास," फत्तेसिंहराव म्हणाले. "आमचंही तेच. अमेरिकेचा जज्ज आपल्या बाजूला, आपण कशाला पळायचं? चालो दिघेसाहेब, मारा शिक्का. चहा थंड होतोय."

चहाचा ट्रे घेऊन आभाच आली होती. ती कप ठेवत होती आणि तिच्या बांगड्या वाजत नव्हत्या, इतकी ती सावकाश ठेवत होती. दहा चेहरे श्रीकृष्णरावांकडे वळले. त्या चेहऱ्यांवर एकतीस वर्षांच्या खडूच्या खुणांचा विश्वास होता.

"ठेवू," ते म्हणाले.

रविवारी पत्नी प्रतिमाबाईंनी त्यांना दोनदा विचारले, की पोटात गडबड आहे का. सोमवारी सकाळी दहाला त्यांनी पोलादी कपाट उघडले, सबनीसांचा गठ्ठा काढला, कापडी पिशवीत घातला आणि वहाणा चढवल्या.

नलिनीवहिनी ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली. श्रीकृष्णराव बसले नाहीत.

"घ्या. तुमचे पंधराशे. आजच लहरीपुऱ्यात नेऊन द्या. दलालाशी मी बोललोय."

वहिनींनी पिशवीला हात लावला नाही.

"शुक्रवारी मागितले तेव्हा नियम होता, भाऊजी."

"होता."

"मोडला?"

"मी मोडतोय."

"काय झालं?"

त्यांनी सांगितले. पुसलेला आयकॉन, फोटोंच्या जागी आलेले वर्तमानपत्र, पणत्या. सांगताना त्यांना वाटले, की हे फार किरकोळ आहे. एवढ्याशावरून कुणी शेअर विकत नाही. पण वहिनींच्या हातातली काडी थांबली होती.

"म्हणजे शनिवारी सकाळी तुम्हाला हे कळलं होतं."

तो प्रश्न नव्हता. श्रीकृष्णरावांनी पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली.

"मी शनिवारी ठेवावेत म्हटलं, ते तुमच्याकडे बघून," वहिनी म्हणाल्या. "मनात नव्हतं. पण दहा घरांनी ऐकलं ना ते? आता मी एकटीच विकून मोकळी झाले, तर देवेंद्रच्या आईला जिन्यात काय तोंड दाखवू?"

"योगिनीचा गाळा..."

"कशाचे पैसे आहेत ते मला माहीत आहे." त्यांनी पिशवी उचलली, तिचे बंद नीट गुंडाळले आणि त्यांच्या हातात दिली. "ह्यांनी मंडळ काढलं होतं. सगळ्यांना बोलवा. सांगा. मग माझे पहिले विका, मी नाही म्हणणार नाही."

परत येताना पिशवी जाताना होती त्याहून जड लागली.

मंगळवारी संध्याकाळी अकराही जण आले. असे मध्येच बोलावणे कधी येत नसे, त्यामुळे आज कुणी विनोद केला नाही. भाव एकशे तेहतीस होता. देवेंद्रने घसा साफ केला, तेव्हा श्रीकृष्णरावांनी हात वर केला.

"आज मी आधी बोलतो. अक्षांशचे सगळे शेअर उद्या विकावेत."

देवेंद्रने फत्तेसिंहरावांकडे बघितले.

"दिघे," फत्तेसिंहराव म्हणाले, "लहान आधी."

"आज नाही."

"शनिवारी ठेवू, मंगळवारी विकू. मधल्या दोन दिवसांत काय झालं?"

"कोर्टानं काहीही सांगितलं तरी ते दोन वेगळे होणार नाहीत. एकसंध ओतलेलं आहे. आणि जे मशीनमध्ये आयतं असतं, तेच माणूस वापरतो. मालाचा प्रश्न नाही."

"पण तुम्हीच तर पास केलात," देवेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हरवलेल्या वस्तूबद्दल विचारावे तसा तो विचारत होता. "काका, मी सासऱ्यांचेही पैसे घातलेत यात. तुमच्या शब्दावर."

"माल पासच आहे, देवेंद्र."

"मग?"

फत्तेसिंहरावांनी पाय खाली घेतले. बोलताना त्यांनी आवाज उतरवला, आणि म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला.

"स्पष्ट विचारतो, मनाला लावून घेऊ नका. सूनबाईंनी आतलं काही सांगितलं का? कंपनीचं काही बिनसलंय? तसं असेल तर एक शब्द बोला. उद्या बाजार उघडताच सगळे विकू. कारणही विचारणार नाही."

दारात आभा उभी होती. नुकतीच गोरव्याहून आलेली, एक सँडल पायात, एक हातात. ती हलली नाही.

एक शब्द. श्रीकृष्णरावांना तो जिभेवर जाणवला. तो खरा नव्हता. आभाने कंपनीचे काहीही सांगितले नव्हते. पण पणत्यांची गोष्ट सांगायची तर तिचेच नाव येणार होते, तिच्याच घरचा संगणक, तिचीच बोटे. आणि अकरा घरांत सांगितलेली गोष्ट गोरव्याला पोचायला किती वेळ लागतो, हे कुणाला सांगायला नको होते. ज्या कंपनीची चाचणी करणारी मुलगीच तिचा माल उघडत नाही, तिथे त्या मुलीची खुर्ची किती दिवस राहिली असती?

नलिनीवहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना सगळे माहीत होते. त्यांनी दाराकडे एकदा बघितले, मग हातरुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्स बंद केली.

"तिनं काही सांगितलेलं नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. "माझं मत आहे."

"नुसतं मत."

"हो."

"दिघेसाहेब," फत्तेसिंहराव म्हणाले, आणि यावेळी त्यांचा सूर जवळजवळ हळवा होता, "पास केलेला माल नापास करायचा तर कारण लिहून द्यावं लागतं. हे तुम्हीच आम्हाला इथे बसून शिकवलंत."

मग मत फिरले. रीतीप्रमाणे लहानापासून. देवेंद्र म्हणाला, ठेवावेत. एकाने नाही म्हटल्यावर पुढे विचारायची गरज नव्हती, तरी श्रीकृष्णरावांनी प्रत्येकाला विचारले. नलिनीवहिनी म्हणाल्या, विकावेत. आणखी सात जण चाचरत तेच म्हणाले. फत्तेसिंहराव म्हणाले, ठेवावेत. विषय संपला. चहा आलेला होता. दोघा-तिघांनी तो न घेताच चपला घातल्या.

त्याच शुक्रवारी अमेरिकेचा बाजार कोसळला. पुढच्या सोमवारी लहरीपुऱ्याचा दलाल फोनवर म्हणाला, "काका, वेचवानुं तो ठीक, पण लेनार कोण?" त्यानंतर एकमत झाले, पण त्याचा उपयोग उरला नव्हता. रोज सकाळी विक्रीचा आकडा लागे आणि समोर घेणारा नसे. जेव्हा घेणारे दिसू लागले, तेव्हा भाव असा होता की पुन्हा कुणी विकायला धजेना.

भांडण कुणी केले नाही. ते झाले असते तर श्रीकृष्णरावांना बरे वाटले असते. देवेंद्र जिन्यात भेटला की "केम छो, काका" म्हणे आणि उत्तराआधी पुढे जाई. गोरवा रस्त्यावरच्या गाळ्यात मोबाइलचे दुकान आले. योगिनी दुसऱ्यांच्या दवाखान्यात जात राहिली. नलिनीवहिनी सणावाराला येत, प्रतिमाबाईंशी बोलत बसत, आणि निघताना "येते, भाऊजी" असे पहिल्यासारखेच म्हणत. ऑगस्टमध्ये कंपनीने चाचणी विभाग निम्मा केला आणि आभाने अलकापुरीतल्या एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी धरली. घरात तो विषय निघाला नाही. फक्त त्या मंगळवारी रात्री जेवण वाढताना ती म्हणाली होती, "बाबा, सांगितलं असतंत तरी चाललं असतं." आणि ते म्हणाले होते, "आमटी वाढ."

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्याकडून घरच्या संगणकावर भोमियो उघडायला शिकून घेतला.

तेव्हापासून तो रोजचा परिपाठ झाला. आंघोळ, पूजा, मग संगणक. पडद्यावर दुसरे सगळे आयते समोर असायचे; ते कोपऱ्यातल्या पिवळ्या आयकॉनपर्यंत माउस नेत, दाबत, आणि मोडेमची किरकिर संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसत. भोमियो सावकाश उघडे. अक्षरे सुंदर असत. त्यातूनच ते बाजाराचे पान काढीत आणि अक्षांशचा भाव बघत.

ऑक्टोबरात दिवाळी आली. पाडव्याला, म्हणजे गुजराती नव्या वर्षाच्या सकाळी, खाली अंगणात पोरे फटाक्यांच्या माळा सोडत होती आणि शेजारी एकमेकांना सालमुबारक म्हणत होते. साल २०५७ लागले होते. श्रीकृष्णरावांनी नवे धोतर नेसूनच संगणक लावला. भोमियोवर पणत्या उमटल्या. ज्योती तशाच हलत होत्या. खाली सालमुबारक होते आणि पुढे आकडा २०५६. यावेळी पान जुने साठलेले नव्हते, कंपनीकडून रोज नवे येत होते. आकडा बदलायला तिकडे कुणी उरले नव्हते.

"बाबा, फराळाला," आभाने दारातून हाक मारली. तिने पडद्याकडे बघितले, आणि तिथेच थांबली.

"आलो," ते म्हणाले. "एवढं बघून येतो."

त्यांनी बाजाराचे पान काढले. अक्षांश सॉफ्टवेअर, शेवटचा भाव: अकरा रुपये साठ पैसे.